बिनतारेचा दात

डबी हलवून बघायला कितीसा वेळ लागतो? कानाजवळ न्यायची, आत काही खुळखुळलं की झालं. मी बावीस वर्षं कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर तोंडाचा साचा पाठवतात, मी त्यावर दात बसवते आणि निळ्या डबीत घालून परत पाठवते. बाहेर जाणारी प्रत्येक डबी आधी हलवून बघायची, ही माझी जुनी सवय. कारण रिकामी डबी गेली तर बोलणी मलाच बसतात. आणि त्या दिवशी सकाळी सख्ख्या बहिणीने माझ्या हातात दिलेली डबी मी न हलवता पर्समध्ये टाकली.

ऑपरेशन साधं होतं. ताईच्या पित्ताशयात खडे झाले होते. 'दुर्बिणीने काढू, दुसऱ्या दिवशी घरी,' असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. घाबरावं असं त्यात काही नव्हतं. काळजी होती ती एकाच गोष्टीची, आणि ती फक्त ताईला आणि मला ठाऊक होती, निदान आम्ही दोघी तसं समजत होतो. ताईचा वरचा, पुढचा एक दात खोटा होता, आणि भाऊजींना ते माहीत नव्हतं.

आता एका दातात लपवण्यासारखं काय आहे, असं कुणीही म्हणेल. मीही म्हटलं होतं, शंभरदा. पण माझे भाऊजी पडले फोटोग्राफर. त्यांच्या स्टुडिओच्या काचेत ताईचा एक फोटो तीस वर्षं लावलेला आहे. ती एकवीस वर्षांची, मान मागे टाकून खळखळून हसतेय, सगळे दात दिसतायत. "या हसण्यावर माझं दुकान चाललं," हे वाक्य भाऊजींनी आल्यागेल्याला इतक्यांदा ऐकवलंय, की ते मला झोपेतही म्हणता येईल. पाच वर्षांपूर्वी भाऊजी लग्नाच्या कामासाठी चार दिवस परगावी गेले होते. ताई पडदे काढायला स्टुलावर चढली आणि तोंडावर आपटली. दात हिरडीशी मोडला. तिने रडत फोन केला तो डॉक्टरांना नाही, मला.

"हे यायच्या आत दात पाहिजे," ती म्हणाली. "आणि तार नको. तार दिसते."

एका दाताची प्लेट असली की शेजारच्या दाताला अडकेल असा तारेचा आकडा तिला घालतात. तो आकडा तिला जागेवर धरून ठेवतो. आमच्याकडे नवीन लागलेल्या पोरीलाही हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. मी बिनतारेची केली. टाळूला चिकटून बसेल अशी, चमच्याच्या आकाराची, अंगठ्याएवढी पातळ गुलाबी प्लेट आणि तिच्या टोकाला दात. ताईच्या हिरडीचा रंग साधायला मी तीनदा प्लास्टिकची रंगीत पावडर मिसळली. शिवाय आत लाल धाग्याचे बारीक बारीक तुकडे घातले, रक्ताच्या शिरा वाटाव्यात म्हणून. इतकं जीव ओतून मी आयुष्यात दुसरं काम केलेलं नाही. भाऊजी परत आले, ताईच्या समोर बसून जेवले आणि त्यांना काही कळलं नाही. चेहरे बघून पोट भरणाऱ्या माणसाला मी चकवलं, याचा मला केवढा माज आला होता!

खरं तर ती प्लेट तात्पुरती होती. पुढे पक्का दात बसवायचा होता. पण त्यासाठी सहा खेपा, आणि सहा खेपांना घरी सहा थापा. ताईने ते टाळलं ते टाळलंच. हिरडी झिजत जाते, प्लेट ढिली होते. गेली दोन वर्षं ती जिभेने वर दाबून धरत होती. मी ओरडले की म्हणायची, "झाकली मूठ सव्वा लाखाची. तू तुझं काम कर."

सकाळी सातला सिस्टर फॉर्म घेऊन आल्या. ताई हिरव्या गाऊनमध्ये पलंगावर बसली होती, भाऊजी तिच्या पायांशी.

"रात्रीपासून काही खाल्लं नाही ना? कशाची ॲलर्जी? दमा? खोटे दात, कवळी, लेन्स?"

ताईने भाऊजींकडे बघितलं. "नाही," ती म्हणाली.

"तोंड उघडा." सिस्टरांनी टॉर्च मारला. "छान आहेत."

"नुसते छान?" भाऊजी म्हणाले. "अस्सल माल आहे, सिस्टर. माझ्या दुकानाच्या काचेत येऊन बघा एकदा."

सिस्टर हसल्या आणि त्यांनी 'नाही'वर खूण केली. माझी दातखीळ बसली होती. पण आमचं आधीच ठरलं होतं. स्ट्रेचर यायच्या आधी ताई बाथरूमला जाणार, दात काढून डबीत घालणार आणि येताना डबी मला देणार. भूल दिली की घशातून श्वासनळीत नळी घालतात. त्या वेळी तोंडात काही सुटं राहिलं तर ते कुठे जाऊन बसेल याचा नेम नसतो. हे मी तिला फोनवर दहा वेळा बजावलं होतं, आणि तिने दहा वेळा "हो गं बाई" म्हटलं होतं.

ती बाथरूमला गेली. भाऊजी सलाइनचा स्टँड धरून दारापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले. ती बाहेर आली ती ओठ घट्ट मिटून. माझ्या जवळून जाताना तिने डबी माझ्या मुठीत सरकवली. मी डोळ्यांनीच विचारलं. तिने पापण्या मिटून उघडल्या. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी भाऊजी तिला म्हणाले, "हस बघू एकदा." ती तोंड न उघडताच हसली. म्हटलं, दात काढलाय म्हणून ओठ मिटलेत. सुटले बाई एकदाची, असं मनात म्हणून मी बाकावर बसले.

साडेदहाला मोठे डॉक्टर बाहेर आले. छोट्या बाटलीत ताईचे खडे होते. "झालं. अर्ध्या तासात बाहेर आणतील," ते म्हणाले. भाऊजींनी खड्यांचासुद्धा फोटो काढला, उजेडाकडे धरून, दोनदा.

अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. मग आतून एक आवाज यायला लागला. आधी मला वाटलं, कुठलं तरी यंत्र असेल. बारीक, उंच, ओढत नेल्यासारखा आवाज. थांबायचा आणि परत यायचा. दोन सिस्टर एकामागून एक धावत आत गेल्या, दार उघडलं, तेव्हा तो मोठ्याने ऐकू आला आणि मला कळलं की हे कुणीतरी श्वास आत ओढतंय.

"ती आहे का?" भाऊजींनी विचारलं.

भूल देणाऱ्या डॉक्टर बाहेर आल्या. बारीक चणीच्या बाई, मास्क हनुवटीवर, कपाळावर घाम. "नळी काढल्यावर त्यांना श्वास घ्यायला त्रास होतोय. नळीने कधी कधी घशाला सूज येते, स्वरयंत्र आवळून बसतं. इंजेक्शनं दिलीत, औषधाची वाफ देतोय, ऑक्सिजन चालू आहे. त्यांना दमा आहे का? घरात कुणाला? जे असेल ते सांगा, लपवू नका."

"काही नाही हो," भाऊजी म्हणाले. "तीन जिने चढते ती रोज. धडधाकट आहे."

चाकांवरचं एक्सरेचं मशीन खडखडत आत गेलं. मी बाकाची कड धरून बसले होते. तो आवाज आला की ऐकायचा आणि पुढचा येईपर्यंत आपलाही श्वास धरून ठेवायचा, याशिवाय मला काही सुचत नव्हतं. डॉक्टर परत आल्या त्या जवळजवळ पळतच.

"एक्सरे साफ आहे. घशात, छातीत अडकलेलं काही दिसत नाही. मी आत दिवा घालूनही बघितलं, सगळं नुसतं लाल, सुजलेलं मांस आहे. पण औषधाने उतरत नाही. ऑक्सिजन खाली चाललाय. परत नळी घालावी लागेल. इथे सही करा."

भाऊजींनी सही केली. माझ्या डोक्यात मात्र एकच शब्द अडकला होता, लाल. मी पर्स उघडली, डबी काढली, कानाशी हलवली. काही वाजलं नाही. झाकण उघडलं. आत कोरडं ठणठणीत.

प्लास्टिक एक्सरेत दिसत नाही. तार असती तर पांढरी रेघ लख्ख उठून दिसली असती, आणि मुळात तार असती तर प्लेट निसटलीच नसती. आणि दिवा घालून डॉक्टरांना जे लाल मांस दिसलं, त्यातलं अंगठ्याएवढं मांस मी माझ्या टेबलावर बनवलं होतं. तीनदा पावडर मिसळून, वर शिरा घालून. नवऱ्याला कळू नये म्हणून केलेलं काम डॉक्टरांनाही कळलं नव्हतं. आणि आता त्या नळी घालायला निघाल्या होत्या. प्लेट आणखी खाली ढकलली जाणार होती.

एवढं सगळं कळूनही मी पहिलं काय केलं ते सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय बाकीचं सांगायचा मला हक्क नाही. मी भाऊजींना म्हटलं, "भाऊजी, तुम्ही जरा खाली जाऊन पाणी घेऊन या."

"पाणी?" ते माझ्याकडे बघत राहिले. "आत्ता?"

"माझा घसा कोरडा पडलाय. जा ना हो!"

बहीण आत श्वासाला मुकत होती आणि मी तिची थाप सांभाळत होते. भाऊजी जागचे हलले नाहीत, माझ्या हातातल्या उघड्या, रिकाम्या डबीकडे बघत राहिले. मी दारातल्या सिस्टरांना दंडाला धरून कोपऱ्यात ओढलं आणि त्यांच्या कानाशी कुजबुजले.

"काय? मोठ्याने बोला, ऐकू येत नाही!"

मी मागे वळून भाऊजींकडे बघितलं आणि परत कुजबुजले. मोठ्याने बोलायला माझं तोंड उघडतच नव्हतं. पाच वर्षांची सवय होती ती.

तेवढ्यात आतला आवाज थांबला. कमी झाला नाही, थांबला.

"तिचा दात खोटा आहे!"

हे मी ओरडले नाही. भाऊजी ओरडले. त्यांनी थिएटरचं दार दोन्ही हातांनी ढकललं होतं. "वरचा, पुढचा, डावीकडचा! गुलाबी प्लेट आहे, तिला तार नाही! ती आत गेलीय डॉक्टर, नळी ढकलू नका!"

"मग सकाळी का नाही सांगितलं?" सिस्टर किंचाळल्या आणि उत्तराची वाट न बघता आत धावल्या.

दार बंद झालं. आतून भांडी आपटल्याचे आवाज आले. डॉक्टरांचा आवाज आला, "मोठा चिमटा. दिवा इकडे. अजून इकडे." भाऊजींनी भिंतीला कपाळ टेकलं आणि ते मोठमोठे श्वास घ्यायला लागले. छाती भरून आत, मग बाहेर, पुन्हा आत. मला वाटलं त्यांना काही होतंय. "घे गं," ते म्हणत होते. "असा घे. घे ना." मी रिकामी डबी मुठीत आवळली. माझे दोन्ही हात मोडोत, मनात म्हणत होते, पुन्हा दात बसवायच्या मेणाला हात लावणार नाही, सगळ्या गावाला तिचं बोळकं दिसू दे, पण तिला वाचव. कुणाला म्हणत होते कोण जाणे.

किती वेळ गेला माहीत नाही. डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातातल्या स्टीलच्या ताटलीत ती होती, रक्ताने माखलेली.

"हीच ना? स्वरयंत्राच्या तोंडावर आडवी बसली होती. चिमट्याने ओढेपर्यंत मला ती मांसच वाटत होती." त्यांनी ताटली माझ्यापुढे धरली. "निघाली. नळी घातलीय, मशीनवर ठेवतोय. पण तीन-चार मिनिटं ऑक्सिजन फार खाली होता. सूज उतरेपर्यंत त्यांना झोपवून ठेवू, उद्या सकाळी औषध कमी करू. मग कळेल."

"काय कळेल?" भाऊजींनी विचारलं.

"मेंदूला किती धक्का बसलाय ते. माणसं ओळखतात की नाही ते."

दुपारभर आम्ही आयसीयूबाहेर बसून होतो. सिस्टरांनी ती प्लेट धुऊन, प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडे दिली होती.

"कधीपासून माहीत होतं तुम्हाला?" शेवटी मी विचारलं.

"परत आलो त्याच आठवड्यापासून. फ्लॅश पडला की तो एक दात राखाडी येतो. बाकीचे पांढरे, तो राखाडी."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"प्रत्येक फोटोत तो पांढरा करायचो. तिला दाखवायच्या आधी, कॉम्प्युटरवर बसून. नाहीतर तिला कळलं असतं ना, मला कळलंय ते." भाऊजी आपल्या बोटांकडे बघत होते. "रात्री ती तो बाथरूमच्या खिडकीत ठेवते, ब्रशांच्या मागे, पेल्यात. मी रोज आधी खोकायचो, मग आत जायचो."

माझा माज तिथेच उतरला. पण राग उतरला नाही. "मग सकाळी?" मी ओरडले, बाकावरच्या बाकीच्या माणसांनी माना वळवल्या. "अस्सल माल म्हणालात! सिस्टर विचारत होत्या, आणि तुम्ही अस्सल माल म्हणालात!"

"ती माझ्याकडे बघून 'नाही' म्हणाली गं. तिच्या तोंडावर मी 'हो' कसं म्हणू?" ते रडायला लागले. "म्हटलं, तू आहेस. तुझं तर कामच आहे ते, तू काढून घेशील. आणि दाराशी ती तोंड मिटून हसली, तेव्हा मला खात्रीच झाली."

आपलेच दात, आपलेच ओठ. तिघांना माहीत होतं आणि तिघांनी मिळून 'नाही' म्हटलं होतं. ताईने दात का काढला नाही तेही मला आता लख्ख कळत होतं. शुद्धीवर येताना समोर भाऊजी असणार होते. रिकामी डबी तिने फक्त माझं तोंड बंद करायला दिली होती, आणि ओठ मिटून हसली तीही मला पटावं म्हणून. मनात तिला शिव्या घातल्या. मग वाटलं, या शिव्या तिला ऐकू जातील की नाही कोण जाणे, आणि माझा धीर सुटला. सगळी रात्र मी एकच ठरवत होते. तिने डोळे उघडले की पहिलं हेच सांगायचं, की बाई, त्यांना सगळं माहीत आहे, पाच वर्षं माहीत आहे. आणि ही प्लेट तिच्यासमोर मोडून टाकायची.

सकाळी नऊला त्यांनी झोपेचं औषध कमी केलं. आधी मला आत घेतलं. ताईचे दोन्ही हात पट्ट्यांनी पलंगाच्या कठड्याला बांधले होते, झोपेत नळी ओढू नये म्हणून. नळी ओठांच्या एका कोपऱ्यातून आत गेली होती आणि दुसऱ्या बाजूला वरच्या दातांतली ती काळी खिंड दिसत होती. माझ्याशिवाय कुणाला तिने ती कधी दाखवली नव्हती. तिचे डोळे उघडे होते.

"तुम्ही कोण ते सांगा त्यांना," डॉक्टर म्हणाल्या. "हात दाबायला सांगा."

"ताई, मी आलेय. ताई, माझा हात दाब."

तिची नजर छतावरून माझ्यावर आली आणि माझ्यावरून तशीच पुढे गेली. हात माझ्या हातात मऊ पडून राहिला. मी परत म्हटलं. परत म्हटलं. लहानपणी ती मला ज्या नावाने चिडवायची ते नावही सांगितलं. काही नाही. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "वेळ लागतो कधी कधी," त्या म्हणाल्या, पण माझ्याकडे बघून म्हणाल्या नाहीत.

"त्यांच्या मिस्टरांना बोलवा."

भाऊजी आले. अंगात उलटा घातलेला गाऊन, डोक्यावर कागदी टोपी. पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले.

"अगं," ते म्हणाले. एवढंच.

ताईची नजर हलली. इकडे तिकडे गेली आणि त्यांच्या चेहऱ्यावर येऊन थांबली. मग तिचा उजवा हात हिसका देऊन उठला. पट्टी ताणली गेली, कठडा वाजला. मशीन टी-टी करायला लागलं.

"नळी ओढतायत! हात धरा, हात धरा!" सिस्टर तिच्यावर वाकल्या.

"नळी नाही ओढत ती!" मी म्हटलं. मला दिसत होतं. तिचा वरचा ओठ खाली ओढला जात होता, नळीच्या बाजूचा नाही, खिंडीच्या बाजूचा. बांधलेला हात तोंडाकडे यायला धडपडत होता, तळवा उघडा ठेवून. नळी जेवढं वळू देईल तेवढं तोंड तिने उशीत वळवलं. "तोंड झाकतेय ती! हे आलेत म्हणून! डॉक्टर, ओळखलं तिने! तिने ओळखलं त्यांना!"

मी हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. खिशातल्या पिशवीवर माझा हात गेला होता. रात्रभर घोकलेलं वाक्य मी बोलणारच होते, पण त्याआधी माझं लक्ष भाऊजींकडे गेलं. त्यांनी दोन्ही हात डोळ्यांवर घट्ट धरले होते.

"मी बघत नाही गं," ते म्हणाले. "हे बघ, डोळे मिटलेत. अजिबात नाही बघत. तू नुसता श्वास घे."

तिचा हात हळूहळू खाली आला. मशीन शांत झालं. सिस्टर म्हणाल्या, आता बाहेर चला, आणि त्यांना कोपराला धरून नेऊ लागल्या. ते पलंगाच्या कडेला आपटले, स्टँडला अडखळले, पण दाराबाहेर जाईपर्यंत त्यांनी डोळ्यांवरचे हात काढले नाहीत.